राणीसाहेबांच्या हॉटेलातली मीसुकताई

मीसुकताई उलटी चालायची. म्हणजे खरोखरच पाठीमागे. सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या मागून जुन्या रेल्वेमार्गाची जी हिरवी वाट जाते तिथे, सकाळी सातला. डोळ्यांवर भलीमोठी काळी झापड असलेली टोपी, कोपरापर्यंत हातमोजे आणि दर चार पावलांना एक टाळी. उलटं चाललं की गुडघे टिकतात, असं तिचं मत होतं. मत कसलं, फतवाच! मी तिच्यासमोर सरळ चालायचे. त्यामुळे आम्ही समोरासमोर बोलत जायचो आणि तिच्या मागून येणाऱ्या सायकली, कुत्री, धावणारी माणसं यांची खबर देणं हे माझं काम. "उजवीकडे!" मी ओरडायचे. ती न बघता सरकायची आणि वाक्य पुढे चालू. उजवीकडे म्हणजे माझ्या की तिच्या, हा घोळ पहिल्याच आठवड्यात एका कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडून मिटला.

तिला स्वस्थ उभं राहता यायचं नाही. बसणं तर सोडाच. माझ्या घरी आली की सोफ्याच्या कडेला टेकायची, दोन मिनिटांत उठायची आणि ओट्यावरची लसणाची टोपली ओढून सोलायला लागायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, "हात रिकामे असले की डोकं चालतं. डोकं चाललं की त्रास." आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. तिचं इंग्रजी सिंगापुरात येऊन शिकलेलं, तुकड्यातुकड्यांचं, शेवटी 'लाह' लावलेलं. इथे ते मराठीत लिहिताना त्यातला झटका जातो, त्याला माझा इलाज नाही.

तिची माझी ओळख झाली ती मात्र डोक्यावर मुकुट असताना. माझ्या डोक्यावर.

माझं ऑफिस पाया लेबार नावाच्या भागात, जहाजांच्या विम्याचं. एका सहकारी बाईचा पन्नासावा वाढदिवस होता, म्हणून आम्ही सात जणी जवळच्या मॉलमधल्या एका कोरियन हॉटेलात गेलो. ते खास बायकांसाठीचं हॉटेल. सोलमध्ये या प्रकाराची लाट आली होती म्हणे, तिथल्या मालकाने एक शाखा इथे काढली. गुलाबी पडदे, मखमली खुर्च्या. आत पाऊल टाकलं की मुकुट, टेबलावर एक पितळी घंटी, आणि घंटी वाजवली की काळ्या कोटातला देखणा तरुण येऊन एक गुडघा टेकणार. "राणीसाहेब, काय इच्छा आहे?" आमच्या हिशेबनीस बाई एरवी लिफ्टमध्येही हसत नाहीत, त्यांनी दहा मिनिटांत अकरा वेळा घंटी वाजवली. मला आपलं अवघडल्यासारखं झालं. बावन्नाव्या वर्षी कुणी समोर गुडघा टेकला की मला आधी त्याचं काही हरवलंय का असं वाटतं.

टेबलाच्या मधोमध शेगडी होती. माझ्यासाठी मशरूम आणि भोपळ्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. त्या करपतील असं वाटून मी सहज चिमटा उचलला. तेवढ्यात मागून एक हात आला आणि चिमटा काढून घेऊन गेला. काळा पोशाख, आखूड केस, भुवया ताणलेल्या. ही मॅनेजर.

"इथे बायकांनी चिमटा धरायचा नाही."

"का?"

"धरला की सुटत नाही," ती म्हणाली, आणि लगेच, "जन्मसाल?"

मी चक्रावून सांगितलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाली. मग ती खूश झाली, कारण कोरियन माणसाला समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय त्याच्याशी बोलावं कसं हेच कळत नाही. "मग मी ऑन्नी. मोठी बहीण." आमच्याकडे ताई म्हणतात, असं मी सांगितलं. तिने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि तिला तो आवडला. त्या दिवसापासून ती ताई. पुढे कळलं की ती क्वीन्सटाउनमध्येच माझ्यापासून दोन इमारती सोडून राहते.

त्या पहिल्याच दिवशी निघताना तिने मला कोपऱ्यात ओढलं आणि आमच्या टेबलाकडे बोट दाखवलं. आमच्या सहाही जणी मुकुट घालून, बोलता बोलता, खरकट्या बशा एकावर एक रचत होत्या. मोठ्या खाली, लहान वर, चमचे एका वाडग्यात. कुणी सांगितलेलं नाही. "रोज," ती म्हणाली. "श्रीमंत, गरीब, डॉक्टर, मॅनेजर. मुकुट डोक्यावर, बशा हातात. दुसऱ्या हॉटेलांत पुरुष बसतात, तिथे नाही होत असं." ती हसली, पण तिला त्या दृश्याचा रागही होता. आमच्या बायकांचा राग की बशांचा, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या पोरांना ती जे शिकवायची ते पाहण्यासारखं होतं. मालकाने सोलहून एक पुस्तिका पाठवली होती: मान किती वाकवायची, हसताना दात किती दिसले पाहिजेत. ती पुस्तिका ताईने टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली होती. नव्या वेटरला पहिला आठवडाभर तिचा एकच नियम. सगळ्यांचं जेवण झाल्यावर, उरलेलं, गार झालेलं, उभ्याने खायचं, आणि खाताना तीनदा तरी कुणीतरी हाक मारणार, तेव्हा घास ठेवून जायचं. "गुडघा कुणीही टेकतो," ती म्हणायची. "गार भात खाल्ल्याशिवाय राणी कशाला म्हणतात ते कळत नाही." एक उंचापुरा पोरगा तिसऱ्या दिवशी भडकला. हा अपमान आहे म्हणाला, कोट काढून ठेवला आणि गेला. मला वाटलं, ताई चिडेल. ती त्याचा कोट झटकून हँगरला लावत म्हणाली, "तीन दिवसांत कळलं त्याला. हुशार आहे. मला सत्तावीस वर्षं लागली."

माझं एक बावळट कौतुक तिने एकदा असं कापलं की अजून आठवतं. आधी मी तिला मिसेस किम म्हणायचे. नवरा किम, म्हणून. एकदा तिने तिचं कार्ड दाखवलं, त्यावर यांग मीसुक. कोरियात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी लगेच भाषण ठोकलं: तुम्ही किती पुढारलेले, मला तर लग्नात नावही बदलायला लावलं, तांदळात लिहून. ताई तशीच उलटी चालत होती. चार पावलं, टाळी. "आडनाव ठेवलं," ती म्हणाली, "कारण मी त्यांच्यातली नाही. त्यांच्या घराण्याची मोठी वंशावळ आहे. जाड जाड खंड. त्यात नवऱ्याचं नाव, सासऱ्यांचं, त्यांच्या आजोबांचं. सासूबाईंच्या जागी काय आहे माहीत आहे? अमुक गावच्या अमक्यांची मुलगी. नाव नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "सायकल आली का?" सायकल नव्हती.

त्या घराण्याचं सगळं मात्र ती करायची. किम घराण्यातली ती थोरली सून. वर्षातून सहा वेळा पूर्वजांचं पान मांडायचं. आपल्याकडच्या श्राद्धासारखंच, फक्त थाट मोठा. चुसोक म्हणजे त्यांचा पितरांचा आणि सुगीचा सण. त्याच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, मधे विजेचा तवा ठेवून ती धिरडं आणि भजी यांच्या अध्येमध्ये बसणारं काहीतरी तळत होती. माशाचं, भोपळ्याचं, टोफूचं. ढीग लागला होता. किमसाहेब आतल्या खोलीत क्रिकेटसारखं काहीतरी बघत होते. मला तो खेळ बेसबॉल असल्याचं नंतर कळलं. सभ्य गृहस्थ, मला बघून उठून वाकले आणि परत आत गेले. ज्या बाईच्या हॉटेलात दिवसभर पुरुष गुडघे टेकतात ती घरी गुडघ्यांवर बसून तळतेय, हे मी बोलून दाखवलं नाही. माझ्या तोंडाला लगाम नसतो, पण तेवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी पुरुष पूर्वजांच्या पानापुढे वाकले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, वाफेत.

"हे कुणाचं पान?" मी विचारलं.

"नवऱ्याचे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही." तिने भोपळ्याच्या चकत्या उलटल्या. "माझ्या वडिलांचं पान माझी भावजय मांडते. तिने त्यांना पाहिलेलं नाही."

मग ती आईबद्दल बोलली. आई गेल्या हिवाळ्यात वारली होती, मोकपोला, पश्चिमेकडच्या बंदराच्या गावी, भावाकडे. आता वर्ष पुरं होणार होतं, आणि भावाने फोनवर सांगितलं होतं की या वर्षीपासून पान वगैरे बंद. हल्ली कोण करतं, बायको थकली. "थकली!" ताईने चिमटा तव्यावर आपटला. "मी वर्षातून सहादा करते, परक्यांचं. तिला एकदा जड झालं! तीच कान भरते त्याचे. माझी आई वर्षभर उपाशी ताटकळणार दारात." तिला खरंच तसं वाटत होतं. पान मांडलं नाही तर आई कुठेतरी भुकेली उभी राहील, या विचाराने तिची झोप उडाली होती. मग मी करते, तिने ठरवलं. पहिलं वर्ष तरी चुकवायचं नाही.

किमसाहेब म्हणाले, एका घरात दोन घराण्यांचे पूर्वज बोलवत नाहीत. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत, तशी गरजच त्यांना पडलेली नाही.

पुढचे दोन महिने ताई आणखीच भिरभिरली. सकाळी तिचा वेग इतका वाढला की मी धापा टाकायचे. कधी म्हणायची देवळात करू, कधी म्हणायची भाड्याने हॉल घेऊ. कधी म्हणायची, जाऊ दे, मुलींनी कधी केलंय? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

याच दिवसांत माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या. वय एकोणऐंशी. त्यांना ताईने आग्रहाने हॉटेलात बोलावलं, मुकुट घातला, दोन पोरं सेवेला दिली. एकाने गुडघा टेकला तशा सासूबाई कळवळल्या. "अगं, ह्याला उठव की! कुणाचा तरी मुलगा आहे, गुडघे जातील." पोरगा उठेना, कारण ताई बघत होती. मग सासूबाईंनी ताईकडेच मोर्चा वळवला आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, जेवण झालं का."

मी विचारलं. कोरियात हे 'कसं काय' सारखं विचारतात, त्यामुळे ताईने वाकून ताबडतोब उत्तर दिलं, "झालं, झालं."

"खोटं बोलतेय," सासूबाई मला मराठीत म्हणाल्या. "मी पण असंच सांगायचे."

हे मी ताईला सांगावं की नाही असा मला प्रश्न पडला. सांगितलं. ती आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "हॉटेलात करते. सकाळी, उघडायच्या आधी. इथे कुणाचे पूर्वज नाहीत."

आदल्या रविवारी मी तिच्याबरोबर बाजारात गेले. तिला शार्क मासा हवा होता. तीन ठिकाणी हिंडलो. माझ्यासारखी शाकाहारी बाई मासळीबाजारात नाकाला रुमाल लावून उभी, आणि ही कोळणीशी 'कॅन, कॅनॉट' करत घासाघीस करतेय. शेवटी मनासारखा तुकडा मिळाला. तो मीठ लावून मुरवायचा, चौकोनी कापायचा, काडीला टोचून भाजायचा. त्याशिवाय पान पुरं होत नाही, असं तिने मला बजावलं.

ठरल्या दिवशी आठला मी पोचले. तिने घरच्या कुणाला सांगितलं नव्हतं, वेटर अकराला येणार होते. तिने कोपऱ्यातल्या टेबलावरची घंटी, मुकुटांची टोपली, सगळं काढून टाकलं होतं. पांढरा कागद अंथरून पान मांडलं होतं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासा कुठे, भात कुठे, रांगा कशा, सगळं हाताला पाठ. मधोमध शार्कच्या काड्या. मागे आईचा फोटो. कुणाच्या तरी लग्नातला, कापून मोठा केलेला. आई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, आणि फोटोच्या खालच्या कडेला तिच्या हातातल्या ट्रेची कड तेवढी राहिली होती.

"छान मांडलंयस," मी म्हणाले. आणि मग आपलं सहज, कारण आमच्याकडे तसं असतं म्हणून, "आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक तरी करतातच. आईंना यातलं काय आवडायचं?"

तिने शार्ककडे हात केला आणि तो हात तिथेच राहिला.

"हे किमांचं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे पूर्वेकडचं. डोंगरातलं. मोकपोत शार्क कुणी मांडत नाही. आई तर वासानेच उठून गेली असती." ती पानाकडे बघत राहिली. सत्तावीस वर्षं तिने एकाच घराण्याचं पान मांडलं होतं, हात दुसरं काही शिकलेच नव्हते. तिने आईला सासऱ्यांचं जेवण वाढलं होतं.

"मग काढून टाकू," मी म्हणाले. "त्यांच्या आवडीचं करू. वेळ आहे. काय आवडायचं?"

मीसुकताईने तोंड उघडलं. वडिलांना काय आवडायचं ते तिने सांगितलं. भावाला काय, तेही. आपल्याला आई काय करून द्यायची, ते तर भराभर. मग थांबली. "आई सिंकपाशी असायची. पाठ आमच्याकडे," ती म्हणाली. "मी तिला जेवताना पाहिलेलं नाही. मला माहीत नाही गं." मला आयुष्यात इतकं ओशाळवाणं कधी वाटलं नव्हतं. काय म्हणून मी विचारायला गेले! तिचा चेहरा बघवेना आणि माझ्या आईच्या बाबतीत मीही मनात उत्तर शोधायला लागले होते.

तिने भावाला व्हिडिओवर फोन लावला. स्पीकर चालू केला. भाऊ दुकानात होता, घाईत होता. दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, आईला सगळंच आवडायचं."

मग फोनमध्ये खुडबुड झाली आणि बाईचा आवाज आला. भावजय. ताईचं अंग ताठ झालं. भावजय आधी हळू बोलली, मग भराभर. ताई मधूनमधून मला सांगत होती, पण सांगता सांगता तीच थांबायची. आईंना कॉफी लागायची, पाकिटातली, पिवळी, गोड. दोन पाकिटं, पाणी अगदी थोडं. भाताच्या तळाची करपलेली खरवड, साखर लावून. मुळ्याची कच्ची फोड, हिरव्या बाजूची. शिंपले आवडायचे, पण कुणी सोलून दिले तरच. भावजय म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवायचो, चौदा वर्षं. माझ्याशी बोलायच्या त्या. आणि ताई, मला तळण्याचा कंटाळा आला, आईंचा नाही आला.

हे शेवटचं वाक्य ताईने मला तेव्हा सांगितलं नाही. दुपारी मेसेज करून सांगितलं. दोन दिवसांनी मी पुण्याला गेले, माझे वडील आजारी होते म्हणून. महिन्याभराने परतले तेव्हा हॉटेल बंद झालं होतं. अशी हॉटेलं फार टिकत नाहीत, लोकांना लगेच नवं काहीतरी हवं असतं. किमसाहेबांचीही बदली झाली होती. ती आता कुठे असते हे मला माहीत नाही, नंबर बदललाय. त्यामुळे माझ्यापाशी तिचं शेवटचं दर्शन ते त्या सकाळचंच.

तिने शार्क उचलून आत नेला. वेटरांच्या फडताळात कॉफीची पिवळी पाकिटं होतीच. दोन फोडली, पाणी ओतलं. फोनमधून भावजय ओरडली, जास्त झालं! तिने ते ओतून दिलं आणि नवी दोन फोडली. फोटोसमोर कप ठेवला, फोन फळांच्या ढिगाला टेकवून उभा केला, म्हणजे भावजयीलाही दिसेल. मग दोघी वाकल्या. एक इथे गुलाबी गालिच्यावर, एक तिथे दुकानाच्या फरशीवर. मला साडेनवाची मीटिंग होती. मी न सांगता बाहेर पडले, मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

सरकत्या जिन्यापाशी पोचून मी वळून पाहिलं. काचेतून दिसत होतं. आवाज येत नव्हता. मीसुकताईने कुठून तरी ऑर्डर लिहायची वही घेतली होती. ती फोनकडे बघून काहीतरी विचारत होती, मान हलवत होती, हाताने थांब थांब करत होती आणि चोपन्नाव्या वर्षी आपल्या आईच्या आवडीनिवडी लिहून घेत होती. पान भरलं. तिने घाईघाईने ते उलटलं आणि पुन्हा लिहायला लागली.